राज्यपाल निवडा

बारा वाजून वीस मिनिटांनी प्रणोतीचा एक श्वास चुकला. तिच्याआधी ते पंचफुलाबाईच्या कानाला कळलं.

दोन वर्षांची सवय होती कानाला. पलंगाशेजारच्या स्टुलावर मिठाईच्या डब्याएवढी पांढरी पेटी होती. ती 'टक' म्हणाली की सुनेची छाती वर यायची. पंचफुलाबाई भाकर थापो की शेजारणीशी भांडो, अर्धा कान त्या टकटकीला बांधलेला. आत्ता टक उशिरा झालं. प्रणोती हवा सोडत होती, तेवढ्यात पेटीनं तिला आत ओढायला लावली. घशात घरघर झाली आणि ती पलंगावर उठून बसली.

"काय झालं व?"

"काही... नाही."

"काही नाही म्हणते, अन् तोंड पाह्य आरशात. वांग्यावानी झालं."

बाहेर वैशाख पेटला होता. मूर्तिजापुरात पारा सत्तेचाळीसवर. बाराला गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला, तेव्हापासून कूलर मुका. गल्लीत चिटपाखरू नाही. दोन वर्षांपासून उन्हाळ्याच्या दुपारी सगळं गाव नगरपालिकेच्या गारवा-घरात जाऊन बसायचं. म्हैसन्यांच्या घरातल्या सासू-सुना तेवढ्या घरी, कारण सुनेला तिथवर चालवत नव्हतं. "चालवत नाही का चालायचं नाही?" हे सकाळीच विचारून झालं होतं.

पेटीचं असं होतं. प्रणोतीला ताप आला आणि जाताना मेंदूच्या बुडाशी असलेली, झोपेतही श्वास चालू ठेवणारी जागा जाळून गेला. छातीखालच्या पडद्याची नस शाबूत होती, तिला हुकूम देणारं कोणी उरलं नव्हतं. तो हुकूम आता पेटी द्यायची. जुन्या यंत्रांसारखा घड्याळाच्या काट्यावर नाही. माणूस बोलतं, हसतं, घास गिळतं, जिना चढतं, आणि दर वेळी हवा वेगळी लागते. अंगावर चिकटवलेल्या सहा पट्ट्यांकडून खबर घ्यायची, पुढच्या क्षणाला केवढा श्वास लागेल याचं गणित मांडायचं आणि नसेला टोचायचं. सेकंदाला शंभर वेळा. गणित नुसतं बरोबर येऊन भागत नाही, वेळेत यावं लागतं. उशिरा आलेला बरोबर श्वास हा चुकीचाच श्वास.

पेटीनं पहिली पावणेदोन वर्षं कमाल केली होती. नाकात नळी नाही, गळ्याला भोक नाही. प्रणोती पुन्हा एसटीवर कंडक्टर म्हणून रुजू झाली, दर्यापूरच्या गाडीत पन्नास माणसं रेटू लागली. मग या चैत्रापासून काय झालं कोण जाणे. आधी जिना सुटला, मग नोकरी सुटली, मग पोहे ढवळतानाही ती ओट्याला टेकू लागली. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. पंचफुलाबाईनं तिचं निदान कधीच केलं होतं: सुस्ती. आणि ते तिनं घरात, दारात, नळावर, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

टक. पुन्हा उशिरा.

मुलगा शैलेश कच्छच्या सौरपट्ट्यात कामाला. पाळीवर फोन कुलपात ठेवून घेतात. अँब्युलन्सवाल्यांनी सांगितलं, उन्हानं पडलेली माणसं गोळा करतोय, चारच्या आधी जमणार नाही. पेटीच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा: दोन तास चाळीस मिनिटं. पंचफुलाबाई तिसरीपर्यंत शिकलेली असली, तरी चारातून बारा वजा करायला तिला मास्तर लागत नव्हता. तिनं पेटीवरचा लाल पट्टा दाबला. तिच्याशी जोडलेल्या फोनवर मदत केंद्र लागलं.

"नमस्कार, मी आफरीन. पेशंट बोलू शकतात?"

"बोलली असती तं मी कायले बोलली असती? श्वास चुकून राह्यला तिचा. लवकर सांग काय करायचं ते."

"आजी, लाइट गेल्यामुळे पेटीची माहिती मला इथे दिसत नाहीये. पडद्यावर वरच्या ओळीत काय लिहिलंय, वाचाल?"

"चष्मा नाही माह्याजवळ," पंचफुलाबाई म्हणाली. चष्मा नाकावर होता.

प्रणोतीनं मान वळवून सासूकडे पाहिलं. तिनं वाचायला तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी नुसती शिट्टीसारखी हवा आली. पंचफुलाबाईनं पेटी ओढून घेतली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"रा... ज्य... पा... ल. राज्यपाल. दोन ठिपके. का-ट-क-स-र."

आफरीनचा आवाज चढला.

"काटकसर? आजी, श्वासाच्या पेटीला काटकसर कोणी लावली?"

"मले काय ठाव? तो माणूस लावून गेला असन."

असं बोलली खरी, पण अंगठा कोणाचा होता ते तिला आठवत होतं.

चैत्रातली गोष्ट. आता घरोघर पेट्या झालेल्या. कोणाची शेताला पाणी सोडणारी, कोणाची पोरांना शिकवणारी, कोणाची नुसती गप्पा मारणारी. एवढ्या पेट्यांच्या डोक्याला पुरेल इतकी वीज उन्हाळ्यात उरेना. म्हणून उन्हाळी वीजयोजना आली: प्रत्येक पेटीनं किती जोरात विचार करायचा ते आधीच ठरवून कुलूप घालायचं. आजाऱ्यांच्या पेट्यांना पूर्ण जोराची मुभा होती. फक्त तसं निवडायचं होतं. योजनेचा माणूस घामानं निथळत आला, तेव्हा प्रणोती न्हाणीत होती. विजेचं मीटर पंचफुलाबाईच्या नावावर, म्हणून पेटीची धारकही तीच. त्यानं पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं: राज्यपाल निवडा.

"राज्यपाल आपण कधीपासून निवडाले लागलो?" पंचफुलाबाई म्हणाली होती. "तो तं वरून येते."

माणूस हसला. "निवडा आजी, अजून तीस घरं आहेत."

खाली दोनच पर्याय. पहिला, सा-द-री-क-र-ण. दुसरा, काटकसर. सादरीकरण म्हणजे स्टेजवर करतात ते, एवढं तिला माहीत होतं. नाच, गाणी, शाळेचं गॅदरिंग. घरात आजारी बाई आणि हिला खेळ दाखवायचा? न्हाणीचं दार ठोठावून सुनेला विचारता आलं असतं. पण बारावी झालेल्या सुनेला शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे नळावरच्या बायांसमोर पदर पाडणं. तिनं काटकसरीवर अंगठा ठेवला. वर म्हणाली, "म्हैसन्यांच्या घरात तमाशा नाही होत."

"आजी, ऐकताय ना?" आफरीन म्हणत होती. "गव्हर्नर बदलावा लागेल."

"कोण?"

"गव्हर्नर. पेटीच्या आत जी लिनक्स प्रणाली चालते, तिच्यात प्रोसेसरचा वेग ठरवणारा भाग असतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. कोण्या यंत्रानं मराठी केलं आणि त्याचा राज्यपाल झाला."

पंचफुलाबाई उभीच राहिली. "गव्हर्नर म्हंजे... इंजिनाचा असते तो?"

"कुठल्या इंजिनाचा?"

"ऑइल इंजिनाचा! डिझेलच्या!"

तिच्या मालकाचं, नामदेवरावांचं, इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. वीस वर्षं तिनं तिथे पाने दिले, वायसर दिले, पट्ट्याखाली बोट दिलं. गव्हर्नर तिला तोंडपाठ होता. दोन वजनं गरगर फिरतात. लोड आला, इंजिन मंदावलं, की वजनं आत बसतात आणि डिझेलची मूठ उघडते. लोड गेला की बंद होते. कोण्याही शेतकऱ्याच्या इंजिनाला हात लावून ती सांगायची, गव्हर्नर अडकला म्हणून.

"मंग तसं लिहा ना, मेल्यांनो! गव्हर्नर लिहिलं असतं तं मले नसतं समजलं का? अन् ते सादरीकरण काय हाये?"

"परफॉर्मन्स, आजी. म्हणजे पूर्ण ताकदीनं काम. यंत्राला वाटलं नाटकाचा प्रयोग."

पंचफुलाबाई स्टुलाचा काठ धरून खाली बसली. दोन महिने. दोन महिने तिनं डिझेलची मूठ तारेनं बांधून ठेवली होती, आणि पाणी का येत नाही म्हणून विहिरीला शिव्या दिल्या होत्या.

टक. आणि मग बराच वेळ काहीच नाही. प्रणोतीनं चादर मुठीत धरली. टक.

"उन्हानं पट्ट्यांची खबर वाढली आहे, काम वाढलंय, आणि पेटी सगळ्यात खालच्या वेगाला बांधलेली आहे," आफरीन घाईनं सांगत होती. "आत्ताच्या आत्ता सादरीकरणावर घ्या."

"अन् बॅटरी? हळू चालवून अडीच तास हाये. जोरात चालवली तं तासात बसन ना माय! गाडी चारले येते."

"उलटं आहे, आजी. हळू चालणाऱ्या पेटीचं काम संपतच नाही, म्हणून ती झोपत नाही. आणि प्रोसेसर जागा तोवर सगळं जागं. स्मृती, रेडिओ, पट्ट्यांची तार, सगळे वीज खात बसतात. जोरात चालवलं की एका गणिताला लागणारा वेळ चौथाई होतो. उरलेला वेळ पेटी गाढ झोपते. सेकंदात शंभर डुलक्या. त्या डुलक्यांत वीज वाचते."

पंचफुलाबाईनं क्षणभर विचार केला. "कुकर मोठ्या जाळावर ठेवून शिट्टी झाली की बंद करा. बारक्या जाळावर ठेवला तं शिट्टी होत नाही अन् गॅस रातभर जळते."

"अगदी तेच."

"मंग इतकं लांबून काहून सांगते?"

तिनं पडद्यावर राज्यपालाच्या ओळीवर अंगठा दाबला. पेटीतून पुरुषी, शाळामास्तरी आवाज आला.

"निवड कुलूपबंद आहे. योजनेच्या काळात वेग वाढवण्यासाठी धारकाने स्वतःच्या आवाजात कारण नोंदवावे. आधीची निवड कोणी केली?"

"त्या माणसानं. योजनेच्या."

"नोंदीशी जुळत नाही. धारकाचा अंगठा आढळतो. आधीची निवड कोणी केली?"

"आफरीन, हे काय विचारून राह्यलं?"

"त्याला खरं उत्तर लागतं, आजी. लोक खोटी कारणं सांगून वेग चोरतात, म्हणून तसं केलंय. इथून मला उघडता येत नाही."

पंचफुलाबाईनं प्रणोतीकडे पाहिलं नाही. सुनेकडे पाठ करून ती भिंतीकडे वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "चुकून झालं."

"आवाज ओळखता आला नाही. मोठ्याने बोलावे."

"चुकून झालं!"

"कोणाकडून?"

सात पिढ्यांत कोणाची क्षमा न मागितलेली जीभ टाळूला चिकटली. मागे पलंग करकरला. तिनं वळून पाहिलं. प्रणोती एका कुशीवर कलंडली होती, ओठ जांभळे, डोळे सताड उघडे आणि सासूवर रोखलेले. बोलायला हवा नसलेलं माणूस डोळ्यांनी किती बोलतं, हे त्या दिवशी पंचफुलाबाईला कळलं.

"माह्याकडून!" ती ओरडली. "मी केलं. पंचफुला नामदेव म्हैसने. मले शब्द वाचता आला, समजला नाही. सुनेले विचारायची लाज वाटली. तिचा श्वास मी अर्धा केला, अन् तिलेच सुस्त म्हणत गावभर फिरली. झालं समाधान? आता खोल, भाडखाऊ!"

"कारण नोंदवले. निवड सांगावी."

"सादरीकरण!"

पेटीच्या आतला पंखा वाऱ्यावर आल्यासारखा भिरभिरला. टक. टक. टक. सरळ रेषेत, गहू पेरल्यासारखे. प्रणोतीची छाती भरली. नुसती वर आली नाही, भरली. पुन्हा भरली. ओठांचा जांभळा रंग उतरायला पाच मिनिटं लागली. बॅटरीचा आकडा वर सरकला: चार तास दहा मिनिटं.

"दोन महिने," प्रणोती म्हणाली. एका दमात, न थांबता. "दोन महिने मले वाटलं, मी मरून राह्यली अन् कोणी सांगून नाही राह्यलं. मी शैलेशले दुसरी बायको पाहायले सांगणार होती."

पंचफुलाबाईनं पदराच्या टोकानं सुनेच्या कपाळावरचा घाम टिपला.

"आजी," आफरीन म्हणाली, "आता तापमानाकडे लक्ष ठेवा. पेटी एकूण वीज कमी खाईल, पण जेवढी खाईल तेवढी सगळी उष्णता नखाएवढ्या तुकड्यावर निघेल. खोलीतली हवाच सत्तेचाळीस आहे, आतल्या पंख्याचं काही चालणार नाही. पंच्याण्णव झालं की पेटी जळू नये म्हणून आपणहून वेग पाडते. तिथे कोणाचाच अंगठा चालत नाही."

आकडा एकोणनव्वद होता.

पंचफुलाबाईनं कूलरची मागची गवताची जाळी उपटून काढली, रांजणातल्या पाण्यात बुचकळली आणि पेटीपुढे उभी टेकवली. मग सूप घेतलं. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात ओल्या गवतातून गेलेला वारा दहा अंशांनी उतरतो, हे तिला कोण्या पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. ती पाखडायला लागली. एकोणनव्वदचे सत्याऐंशी झाले. हात थांबला की नव्वद, एक्क्याण्णव. हात चालला की खाली.

एक वाजला. दीड वाजला. फोनची बॅटरी गेली आणि आफरीनचा आवाज गेला. पंचफुलाबाईनं उजवा हात दमला की डावा घेतला, डावा दमला की दोन्ही. प्रणोतीनं एकदा हात पुढे केला.

"द्या मले थोडा वेळ."

"तू हलली तं श्वास जास्त लागन, पेटी जास्त तापन. पडून राह्य गुमान."

हे खरं होतं, म्हणून प्रणोती पडून राहिली. पण ती आता पेटीकडे पाहत नव्हती, सासूकडे पाहत होती. अडीचच्या सुमारास तिला दिसलं की म्हातारीच्या कपाळावरचा घाम सुकला आहे. चेहरा लाल विटेसारखा, कातडी कोरडी, आणि सूप वाकडं पडतंय. कंडक्टरकीत तिनं उन्हानं पडलेली माणसं पाहिली होती. घाम थांबला की घटका मोजायच्या.

"आई, पाणी प्या. अंगावर घ्या."

"गाडी येऊ दे."

"गाडी चारले येते. तुम्ही तोवर नाही टिकत."

"मी काय टिकते ते तू मले शिकवू नको. सत्तरी आली माही, अजून..." पुढचा शब्द तिला सापडला नाही. तो शोधत तिनं दोनदा सूप हवेतच हलवलं.

प्रणोती पेटीकडे वळली. "काटकसर," ती म्हणाली.

"वापरकर्त्याची विनंती मान्य," पेटी म्हणाली. कुलूप, कारण, अंगठा, काही नाही. जास्त मागायलाच परवानगी लागते. कमी घ्यायला कोणी अडवत नाही.

पेटीचा पंखा मंदावला. आकडा उतरू लागला: अठ्ठ्याऐंशी, ब्याऐंशी, शहात्तर. आणि टकटक लांबली.

"हे काय केलं? कोणी सांगितलं तुले?" पंचफुलाबाईच्या हातातून सूप सुटलं.

"मी. दहा मिनिटं." प्रणोतीचा आवाज आधीच तुटू लागला होता. "तुम्ही... डोक्यावर... पाणी घ्या. पेटी... थंडी राह्यते... तोवर."

"मरशील ना व!"

"नाही मरत." तिनं दम घेतला; दम उशिरा आला. "दोन महिन्यांची... सवय हाये मले."

एवढं झोंबणारं वाक्य पंचफुलाबाईनं उभ्या जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. धडपडत रांजणाशी गेली, तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतला, लुगडं भिजवलं, ओंजळीनं पाणी प्याली. डोळे सुनेच्या ओठांवर. ते जांभळे व्हायला लागले तशी ओल्या अंगानं ती पेटीवर ओणवी झाली आणि ओरडली, "सादरीकरण!"

"आधीची निवड कोणी केली?" पेटीनं विचारलं. तिचं आपलं एकच.

"माह्याच सुनेनं. माह्यासाठी. नोंदव."

मग तसंच चाललं. वीस मिनिटं म्हातारी पाखडायची, दहा मिनिटं सून अर्ध्या श्वासावर राहायची. दर खेपेला कोणी कोणाला विचारलं नाही. दर खेपेला म्हातारीचे हात थोडे आधी थांबले आणि सुनेचा रंग थोडा उशिरा परत आला. बॅटरी तासावर आली. साडेतीनला पंचफुलाबाई उभी राहू शकेना, म्हणून भिंतीला टेकून, पाय पसरून पाखडू लागली. चारला तिला हातातलं सूप दिसत होतं, पण कशासाठी धरलंय ते मधूनच विसरायला होत होतं. "सादरीकरण" हा शब्द तेवढा विसरला नाही.

गाडी चार वाजून दहा मिनिटांनी आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन दारात उभी राहिली. आत एक बाई पलंगावर, एक जमिनीवर. दोघी सारख्याच भिजलेल्या, सारख्याच लाल.

"पेशंट कोण?"

जमिनीवरच्या बाईनं पलंगाकडे बोट दाखवलं. पलंगावरच्या बाईनं जमिनीकडे.

"स्ट्रेचर एकच आहे, ताई," माणूस म्हणाला. "लवकर सांगा."

पंचफुलाबाईनं सुनेला दटावायला तोंड उघडलं. जीभ जड झाली होती, शब्द ओठांतच लोळला. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा तिला कोणाला उलटून बोलता आलं नाही.

प्रणोतीनं पलंगाखाली पाय सोडले. पेटीची पट्टी खांद्याला अडकवली, ओलं गवत तिच्यावर गुंडाळलं आणि भिंत धरून उभी राहिली.

"आईले घ्या," ती म्हणाली. "मी चालत येते."